उभी राहिलेली भिंत

पुराचं पाणी ओसरल्यावर गावात सगळ्यात आधी काय येतं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, सल्ला. बिस्किटांचे पुडे, जुन्या साड्यांची गाठोडी आणि फोटो काढणारे हे सगळे त्याच्या मागून. सीना नदीचं पाणी माझ्या आत्याच्या घरातून बाहेर पडलं न पडलं, तोच चिखलात पाय न घालता, रस्त्यावर उभे राहून लोक तिला आता घर कसं बांधावं ते सांगायला लागले. त्यातल्या एकानंही कधी स्वतः उभं राहून घर बांधून घेतलेलं नव्हतं. एक गृहस्थ तर खास सोलापुरातून गाडी करून आले होते. त्यांनी पडलेल्या घरासमोर आत्याबरोबर फोटो काढला, तिला पदर नीट करायला लावला आणि म्हणाले, "आता आरसीसीच करा." जणू आत्या तोवर हौसेनं मातीच्या घरात राहत होती!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सोलापुरापासून तासाभरावर, नदीकाठच्या गावात तिचं घर. मागच्या दोन खोल्या दगडमातीच्या आणि पुढं रस्त्याकडेला पिठाची गिरणी. नवरा गेला तेव्हापासून गिरणी तीच चालवते. त्या माणसानं चक्की बसवताना एक शहाणपणा केला होता. मोटरीच्या हादऱ्यानं पडायला नको म्हणून गिरणीची एक बाजू सिमेंट-विटांत बांधून घेतली होती. पुरात मागच्या खोल्या बसल्या, गिरणीच्या बाकीच्या भिंती गेल्या, पत्रे वाहत जाऊन कुणाच्या तरी उसात पडले. ही एक भिंत तेवढी राहिली. तिच्यावर विजेचं मीटर, आणि तिच्या पायाशी काँक्रीटमध्ये रोवलेली चक्की.

पाणी उतरेपर्यंत आत्या माझ्याकडं, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात होती. सकाळी मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा ती सोफ्याच्या कडेला बसलेली असायची, आणि मी परत यायचे तेव्हाही तिथंच. "दिवसभर करायचं काय गं हितं?" एवढं एकच तिचं गाऱ्हाणं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वर्षभर पुण्याला दोन लेकांकडं पाळीपाळीनं राहिली होती, त्याच्याविषयी मात्र ती चकार शब्द बोलायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जेवाय देत व्हती की." यापेक्षा कडक तक्रार मी तिच्या तोंडून कधी ऐकली नाही.

हे दोन लेक म्हणजे माझे आतेभाऊ. थोरला फ्लॅट विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीत आहे, धाकटा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि कायम थकलेला असतो. पाणी ओसरलं तेव्हा दोघांनी व्हिडिओ कॉल केला. आईला नाही, मला. "ताई, जरा घर दाखव ना." मी गुडघाभर गाळात उभी राहून फोन फिरवत होते आणि हे दोघं पुण्यात बसून "अरे बाप रे, अरे बाप रे" करत होते. मग पाठोपाठ थोरल्याचं एस्टिमेट आलं. त्याच्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी करून घेतलेलं. पाया, कॉलम, स्लॅब, टाइल्स, प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम, वर पाण्याची टाकी आणि पुढच्या बाजूला 'एलिव्हेशन'. बेरीज बघून डोळे पांढरे झाले. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'एवढा खर्च त्या गावात करण्यात काही अर्थ आहे का, आपण सगळ्यांनी विचार करू.' या भावड्याला फ्लॅट विकताना किंमत कमी कशी दाखवायची ते येतं. आईच्या घराची वेळ आली तेव्हा त्यानं तीच कला उलटी वापरली. आत्यानं काय मागितलं होतं? चार भिंती आणि पत्रा. एस्टिमेटात गिरणी नव्हतीच.

चार भिंती आणि पत्रा हेसुद्धा सोपं नव्हतं, ते मी फिरून बघितलं. पुरात माणसांची घरं पडली आणि मालाचे भाव उठले. सिमेंटवाला म्हणाला, "मॅडम, पुराच्या आधीचा भाव विचारू नका." पत्रेवाल्यानं तर वर आणि मला दिलासा दिला की आज घ्या, पुढच्या आठवड्यात आणखी वाढणार आहे. नदीनं आत्याच्या दारात वाळूचा ढीग आणून टाकला होता, पण ती उचलायला परवानगी लागते. तीच वाळू टिपरमधून आली की दुप्पट पैशाला मिळते आणि तिला कुणी परवानगी विचारत नाही. हे सगळे लोक दुकानात देवाच्या फोटोला हार घालून बसलेले होते. मला त्यांची किळस आली, आणि तरी पुढं विटा-सिमेंट त्यांच्याकडूनच घ्यावं लागलं.

मग पंचनाम्याला तलाठी आला. पोरगेलासा, बिचाऱ्याच्या बुटाचा नुसता चिखल झाला होता, त्यामुळं त्याच्यावर मला फार रागावता आलं नाही. त्यानं घराभोवती एक चक्कर मारली, भिंतीपाशी थांबला आणि मान हलवली.

"मावशी, अडचण हाय. ही भिंत उभी हाय."

"मग? चांगलंच की."

"चांगलं कुटलं? सगळं पडलं असतं तर पूर्ण पडझड धरली असती, लाखाच्या पुढं मिळालं असतं. आता अंशतः धरावं लागतंय. चार हजार." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "मी फोटो आज काढत न्हाय. रविवारी पुन्हा येतो. तवर काय व्हायचं ते होऊ द्या."

म्हणजे जे वाचलं तो गुन्हा. पुरानं अर्धवट सोडलेलं काम माणसानं स्वतःच्या हातानं पुरं करायचं आणि मग सरकारपुढं हात पसरायचा. गल्लीत तोवर बऱ्याच जणांनी ते केलंही होतं. दोर बांधायचा, ट्रॅक्टरनं ओढायचं, झालं. त्यांना मी हसणार नाही. त्यांच्या भिंतींवर काही नव्हतं आणि पैसे त्यांच्याच हातात येणार होते.

आत्याचं तसं नव्हतं. भिंत गेली की मीटर गेलं, आणि नव्या मीटरसाठी किती खेटे घालावे लागतात ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मीटर गेलं की चक्की गेली. चक्की गेली की आत्यानं सहा महिने थोरल्याकडं आणि सहा महिने धाकट्याकडं सोफ्याच्या कडेला बसायचं. आणि लाखभर जाणार होते थोरल्याच्या खात्यात, कारण बाप गेल्यावर 'आई, तुला कागदांची कटकट नको' म्हणून त्यानं घर आपल्या नावावर करून घेतलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तिला भिंत पाड म्हणून सांगत होते. सरपंचही, शेजारीही, आणि फोनवरून दोन्ही लेक तर दिवसातून दोनदा.

आत्या हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला म्हणाली, "ती मोटर तेवढी भरून आण." भरून म्हणजे वाइंडिंग करून. मी ती गाळानं भरलेली मोटर टेम्पोत घालून सोलापुरात होटगी रोडला नेली आणि शनिवारी परत आणून चक्कीला जोडून घेतली. एवढं जड धूड उचलताना शेजारच्यांनी मदत केली, पण तोंडानं 'कशाला उगं' चालूच. सोलापुरातल्याच जुन्या मालाच्या मंगळवार बाजारातून जुने पत्रे घेतले. पैसे कुठून आले म्हणाल, तर गल्लीतल्या बायकांनी दळणाचे आगाऊ दिले. पलीकडच्या गावच्या गिरणीला जायचा पूल खचला होता, आणि मदतीत आलेले गहू-ज्वारी काही कुणाला तसेच चावून खाता येत नव्हते. गावातली सगळी पुरुषमंडळी लाखाचा हिशोब करत असताना आज भाकरी कशाची करायची हे फक्त या बायकांच्या लक्षात होतं.

रविवारी दोघं लेक पुण्याहून आले. थोरल्यानं येतानाच ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. पांढरे बूट घालून आला होता तो, चिखलात. आईच्या पाया पडला आणि लगेच, "आई, तू ताईकडं जाऊन बस गाडीत. तुला बघवणार नाही."

"काय बगवणार न्हाय?"

"भिंत गं. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर आपण नवीन मोटर घेऊ, सगळं नवीन घेऊ."

"कवा?"

त्यानं ट्रॅक्टरवाल्याला हात केला. धाकटा फोनमध्ये बघत होता. मला त्या क्षणी दोघांच्याही कानाखाली द्यावीशी वाटली, हे मी सरळच लिहिते. मोठी बहीण म्हणून तेवढा हक्क मला होता, आणि तो मी वापरला नाही याचं अजून वाईट वाटतं.

आत्या गाडीत गेली नाही. ती डोक्यावरचा पदर कानामागं खोचून चक्कीपाशी गेली आणि तिनं बटण दाबलं. मोटर आधी कण्हली, मग लागली. पट्टा फिरायला लागला. वर चार जुने पत्रे, एका बाजूला भिंत, बाकी तिन्हीकडून उघडं, आणि मधोमध आत्या पहिल्या डब्यातली ज्वारी चक्कीत ओततेय. बायका डबे घेऊन आधीच आल्या होत्या. तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं, मलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. ट्रॅक्टरवाला दोर घेऊन भिंतीपर्यंत गेला आणि थांबला, कारण रांगेतला तिसरा डबा त्याच्या बायकोचा होता. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं दोर गुंडाळला, थोरल्याला म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा," आणि निघून गेला.

तलाठी आला तेव्हा त्याच्या बुटांवर पीठ उडत होतं. "मावशी, लाखाचं नुकसान करून घेतलं तुमी," तो म्हणाला.

"उभी हाय तर उभीच लिवा की, भाऊसाहेब," आत्या म्हणाली.

त्यानं लिहिलं. थोरला आईच्या पाया न पडताच परत गेला.

चार हजार यथावकाश थोरल्याच्या खात्यात जमा झाले आणि तिथंच राहिले. आत्यानं विचारलं नाही, त्यानं विषय काढला नाही. जानेवारीत मात्र दोघंही बायकापोरांसह आले. आईला भेटायला नव्हे, हुरडा खायला. मळ्यात बसून हुरडा झाला, दह्यात शेंगांची चटणी झाली, गावच्या हवेचं कौतुक झालं. मी सोलापुराहून गेले होते. उभ्या भिंतीला आता दळणाच्या पैशातून विटांच्या दोन नव्या भिंती येऊन मिळाल्या होत्या, मागं एक खोली झाली होती. थोरल्यानं फिरून सगळं बघितलं आणि बायकोला म्हणाला, "बघ, आम्ही कसं उभं केलं." आम्ही!

निघताना त्यानं शेजारच्याकडून घेतलेला वीस किलो गहू गिरणीत आणून ठेवला. दर खेपेला असंच असतं, आई दळून देते, हा डिकीत टाकतो. आत्यानं दळलं. पिशवी काट्यावर ठेवली आणि तिथंच तिच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"एकशेवीस झाले."

तो हसला. गिरणीत डबे घेऊन बसलेल्या सात-आठ बायकांतलं कुणी हसलं नाही.

"आन् सरकारचे चार हजार त्यात मिळीव," आत्या म्हणाली. तिनं बोटानं भिंतीकडं दाखवलं. तिथं फोनवरून पैसे घ्यायचा, क्यूआर कोडचा चौकोनी कागद चिकटवलेला होता आणि खाली पैसे आले की मोठ्यानं सांगणारा डबा. "माज्या खात्यावर जात्यात. माजं मी काढलंय."

चार लोकांत अब्रू जाऊ नये म्हणून जन्मभर जपणारा माणूस तो, त्यानं मुकाट्यानं फोन काढला. त्याची बायको गाडीत बसून काच वर करत होती. चक्की बंद होती, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. डब्यातली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "चार हजार एकशे वीस रुपये प्राप्त झाले."

आत्यानं पिशवीवरचा हात काढला.

"व्हय, आलं," ती म्हणाली. "चला, फुडचा डबा कुणाचा?"