गोठ्याशेजारची घूं

आमच्या बँडची स्वतःची गाणी चार. गिटारच्या अ‍ॅम्पमधून येणाऱ्या 'घूंऽऽ' आवाजाचे किस्से मात्र मोजायचं आम्ही सोडून दिलंय. आम्ही तिघे हिंजवडीत कोड लिहिणारे. प्रॅक्टिसला जवळच्या नांदे गावात बबनकाकांच्या गोठ्याला लागून एक खोली भाड्याने घेतलीय, कारण दुसरीकडे आम्हाला कुणी उभं करत नाही. एका रविवारी संध्याकाळी काका दारात आले.

"तुमचं सुरू झालं की म्हस दूध चोरतीया, धारच देत न्हाई. थांबलं न्हाई तर खोली खाली करा."

आम्ही समजलो, घूं. बाकी आमच्यात तक्रार करण्यासारखं होतं काय?

*

आमचा गिटारवाला समीर. त्याने तारांना हात लावला की घूं बंद, काढला की सुरू. का, ते त्यालाही कळेना.

"मग हात काढूच नको," मी म्हणालो. तेव्हापासून तो चहा एका हाताने प्यायचा आणि बिस्किट मी भरवायचो.

*

इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं, गिटारला आतून फॉइल लावा. समीरने घरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल आणून सगळी आत चिकटवली. घूं गेली. गिटारही गेली, वाजेचना! फॉइल कुठेतरी वायरीला टेकत होती म्हणे. सोमवारी त्याला डब्यात पोळ्या वर्तमानपत्रात मिळाल्या.

*

फॉइल काढली, घूं परत आली. मग लक्षात आलं, समीरने गिटार घेऊन खिडकीकडे तोंड केलं की घूं मोठी, कोपऱ्याकडे केलं की बारीक. हे तर आणखीच डोक्यावरून गेलं. समीर आमच्याकडे पाठ करून वाजवू लागला. काकूंनी दारातून बघितलं आणि मला हळूच विचारलं, "भांडलाय व्हय रं त्यो?"

*

शेवटी भिंतीतला सॉकेट उघडला. अर्थिंगची वायरच नव्हती.

"भोकं तर तीन हायेत की," काका म्हणाले.

वायरमन आणला, अर्थिंगसाठी खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला. शॉक बसू नये म्हणून चाललंय असं समजून काकांनी खड्ड्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. वायरीने म्हणा की नारळाने, घूं गेली. इतकं शांत झालं की आम्हालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

*

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी काकांना मुद्दाम बोलावलं. खोली राहते की जाते, ते आता ठरणार होतं. समीरने अ‍ॅम्प चालू केला. काका बराच वेळ कान देऊन उभे राहिले.

"ती घूं कुटं गेली?"

"काढली काका. कायमची," समीर छाती फुगवून म्हणाला.

काका मटकन उंबऱ्यावर बसले. "अरं, त्या घूंवर तर म्हस पान्हा सोडायची. म्या तुमचं गानं थांबवा म्हनलो व्हतो."