लाल गाडी आणि रेवाची जागा

काही घरांत लोणची मुरतात, आमच्या घरात गाडीचे किस्से. आणि गाडी तरी कोणाची? दुसऱ्याची!

माझ्या नवऱ्याला, नीलेशला, जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची होती. दोनच दारं, मागे नावापुरती सीट. माझा प्रश्न एकच होता: आपली तीन वर्षांची रेवा बसेल कुठे?

"अवं, लेकरं मोठी होतात," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मीच जरा जास्त काळजी करते का, असं मला दर वेळी वाटायचं. मग मी रेवाकडे बघायचे. ती काही त्या दिवशी मोठी झालेली नसायची.

*

गाडी होती कोळसा खाणींच्या राजूरला, गजूभाऊंकडे. दारव्ह्याहून आम्ही निघालो: नीलेश, मी, रेवा आणि माझे सासरे. फोटोत गाडी लालभडक होती. अंगणात उभी होती ती राखाडी.

"भाऊ, लाल म्हणाला होतात ना?"

"लालच हाये जी! राजूरले उभी हाये, म्हणून अशी दिसते."

फडकं मारलं तर खरंच लाल निघाली. "ओरिजिनल पेंट!" नीलेश भारावला. आता ह्या माणसाला काय सांगणार!

*

मी व्हिडिओ पाहून शिकून गेले होते. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं, गरम असलं की दोष लपतात. बॉनेटवर हात ठेवला तर चटका!

"भाऊ, गरम कशी?"

"वहिनी, इतक्या दुरून येऊन राह्यले तुम्ही. म्हटलं, पाव्हणे येतीन तं गरमच असू द्या!"

चहासुद्धा तसाच आला. गरम.

*

मग चुंबक. पत्र्याला चिकटलं तर ठीक, घसरलं तर आत पुट्टी भरून लपवलेला पोचा. मी फ्रिजवरचा रेवाचा चुंबकाचा 'क' पर्समध्ये टाकून नेला होता. उजव्या दाराला लावला, टपकन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

मी विजयाने नीलेशकडे पाहिलं.

"तुझा 'क' खराब झाला," तो म्हणाला.

*

सासरे गाड्यांबद्दल बोलत नाहीत. सरकारी कचेरीत नोकरी झाली, सायकल पुरली. गजूभाऊ सांगत होते, "बाकी काही नाही बाबा, सस्पेन्शनचा थोडा प्रॉब्लेम हाये."

सासरे दचकले. "सस्पेन्शन? कायच्यात सापडली?"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "घेतली तं घेतली, पण चौकशी पूर्ण झाली का?"

*

शेवटी मीच विचारलं, "एवढी चांगली आहे तर विकता कायले?" चिडले की माझ्याही तोंडात 'कायले' येतं.

गजूभाऊ लाजले. "घरात लेकरू आलं ना वहिनी. जमून नाही राह्यलं."

"मग आपल्याला काही अडचण नाही," नीलेश खुशीत म्हणाला. "आपल्याकडं लेकरू आधीपासूनच हाये!"

*

आता माझं डोकं फिरलं. रेवाला आजोबांच्या मांडीवर दिलं. नीलेशला म्हटलं, "तू बस मागे. रेवाच्या जागी. मी चालवते."

"तू?"

"मी."

तो आत शिरला म्हणण्यापेक्षा गजूभाऊंनी त्याला आत घडी करून ठेवलं. ते माझ्या शेजारी बसले. वणीच्या रस्त्याला लागलो. पहिल्या गतिरोधकाला मागून "अवं!" आलं. दुसऱ्याला "आई गं!" त्यानंतरचं मला ऐकू आलं नाही. गाडीचा आवाज फार छान होता.

परत आलो. नीलेश आधी एक पाय, मग दुसरा, मग मान असा बाहेर निघाला. वाकलेलाच राहिला.

"नको घ्यायला ही गाडी," तो कण्हत म्हणाला. "दाराले पुट्टी हाये. सस्पेन्शन गेलं हाये. अन् रेवा कुठं बसंन, सांग?"

मी अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

"लेकरं मोठी होतात," मी म्हणाले.