हिला दुखतंय, ही सांगायची नाय

"अगो, छातीत जरा जड वाटतंय," हे म्हणाले आणि कणीक मळता मळता माझे हात थांबले. माझे यजमान दामोदर गेले, त्याला आता दीड महिना होईल. आयुष्यभर त्यांना 'अहो'च म्हटलं, तेव्हा इथेही 'हे' असंच लिहिते. त्या संध्याकाळी मी घाबरले ती छातीचं ऐकून नव्हे, 'जरा' ऐकून. कारण यांना कधी जरा दुखतच नसे. पिठाच्या हातानेच मी रिक्षा थांबवली, वेळेत दवाखान्यात पोचलो, सगळे उपचार झाले. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, तुम्ही अगदी लवकर आणलंत. लवकर आणूनही माणूस जातो... हे मला अजून नीट समजलेलं नाही.

यांचं दुखणं म्हणजे सगळ्यांना आमंत्रण. पळस्प्याजवळच्या गावात, शेतकरी घरात वाढलेले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि सहनशक्ती मात्र बेताची. जुन्या पनवेलमध्ये यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. बोटाला पत्रा लागला तर शेजारच्या चारही दुकानदारांना ते बोट बघावं लागे. साधी सर्दी झाली की गावी बहिणीला फोन जायचा, "ताई, मी काय आता वाचत नाय." ताई बिचाऱ्या संध्याकाळी वालाचं बिरडं घेऊन हजर होत आणि न वाचणारा माणूस ते दोनदा वाढून घेऊन जेवत असे. मी खूप चिडवायची. यांना त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसायचंच नाही.

माझं सगळं उलटं. आई म्हणायची, बाईमाणसाने कण्हू नये, शेजारी ऐकतात. आमच्या मुलाच्या, नीलेशच्या, बाळंतपणात मी पदराचा बोळा दातांत धरून पडून राहिले. नर्सने "शहाणी आहे हो ही" म्हणून माझं कौतुक केलं. त्याच वेळी बाहेर बाकावर बसून यांचं डोकं दुखायला लागलं होतं. तिनेच यांना गोळी दिली आणि चहाही दिला. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा हेच लहान रूपात रोज दिसायचं. मुलीचं पोट दुखत असलं की ती बाकावर डोकं टेकायची आणि झोप आली म्हणायची. मुलगे तिसरी-चौथीपर्यंत गुडघा फुटला की भोकाड पसरायचे. मग कोणीतरी म्हणायचं, मुलीसारखा रडतोस काय, आणि तेही गप्प व्हायचे. यांना लहानपणी असं म्हणायला कुणाला सवड झाली नसावी. बरंच झालं म्हणायचं.

पण मला दुखलं की मी डबे काढायची. फडताळातले सगळे डबे खाली घ्यायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. असं मी करते हे माझं मला माहीत नव्हतं, यांना माहीत होतं. दुकानातून येऊन ओट्यावर डबे दिसले की चप्पल काढायच्या आत विचारायचे, "कुठं दुखतंय?" एकदा कित्येक महिने मी पित्त, पित्त म्हणत होते. शेवटी यांनी भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि मला खांदा कॉलनीतल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. काही विशेष नाही, जेवायला उशीर होतो, मी म्हणाले. शेजारच्या खुर्चीतून हे म्हणाले, "डॉक्टर, हिला दुखतंय. ही सांगायची नाय. दोन दिवसांत सगळं फडताळ तीनदा पुसलंय हिने." डॉक्टर हसले, मग त्यांनी बरगडीखाली दाबलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पित्ताशयात खडे निघाले. बायकोच्या वतीने बोलणारे नवरे मला एरवी आवडत नाहीत. डॉक्टर विचारतात बाईला आणि उत्तर नवरा देतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की राग येतो. बहुतेक वेळा तो 'विशेष काही नाही' असंच सांगतो, तिच्यासारखंच. हे तसं म्हणत नसत, एवढाच फरक, पण माझं सगळं त्याच फरकावर चाललं होतं.

आता नीलेशचा बंगळुरूहून रोज फोन येतो. "आई, बरी आहेस ना?" असं तो विचारतो. 'ना' त्यानेच लावलेला असतो, मग मी हो म्हणते. पोरगा गुणी आहे, त्याला दोष नाही. गेल्या महिन्यापासून माझा डावा खांदा धरलाय. केस विंचरताना हात वर जात नाही. एका सकाळी भानावर आले तेव्हा स्वयंपाकघरात सगळीकडे डबे होते आणि मी मधे बसले होते. किती वेळ बसले होते कोण जाणे. कोणी काही विचारलं नाही. विचारणार कोण... एका हाताने एकेक करून ते परत लावले आणि डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने त्यांची नजर शेजारच्या खुर्चीकडे गेली. ती लगेच त्यांनी काढून घेतली. काय होतंय, त्यांनी विचारलं. काही विशेष नाही, असं मी सुरू केलं आणि माझीही नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. मग मी म्हणाले, "डॉक्टर, दुखतंय. खूप दुखतंय." खांद्यापासून सुरुवात केली ती गुडघ्यांवर गेले, रात्रीच्या जागरणांवर गेले, एका माणसाचा भात लावताना काय होतं तेही सांगितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. औषध त्यांनी खांद्याचं लिहून दिलं, बाकीचं नुसतं ऐकून घेतलं.

घरी आले. कुलूप काढलं. 'काय बोलला डॉक्टर?' असं आतून कोणी विचारलं नाही. मी दार लावलं, दिवा लावला आणि बाहेरच्या खोलीत उभं राहून मोठ्याने सांगितलं, "खांदा आखडलाय. व्यायाम सांगितलाय. बरं व्हायला वेळ लागेल म्हणाले."