खर्ड्याच्या डावातलं एक दान

भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ 'पुरावा दाखवा' म्हणते. जन्मभर गणित शिकवलंय. सावेडीतल्या शेजारणी मला तिरसट म्हणतात, म्हणू देत! पण एक गोष्ट पन्नास वर्षं पोटात ठेवलीय, ती आज सांगून टाकते.

साल १९७१. आम्ही बेलापूरला राहायचो. मी शाळेत नुकतीच लागलेली, धाकटा भाऊ दत्ता फौजेत ड्रायव्हर. आम्हा दोघांना एकच खूळ — लढाया खेळायच्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखून दत्तानं खर्ड्याचं रणांगण केलेलं. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं, फासा सापशिडीतला. हा पठ्ठ्या नेहमी मराठ्यांकडून हरलेल्या निजामाची बाजू घ्यायचा. "अगं ताई, जिंकलेली लढाई परत जिंकण्यात काय मजा? हरलेली फिरवून दाखवतो बघ!" आणि खरंच, दोन-चार दानं बरी पडली की इतिहास उलटा व्हायचा. त्याची गोडी अशी की जेवणं राहायची.

एक पितळी बटण म्हणजे त्याचा सरदार, म्हणजे दत्ता स्वतः. सोंगटीवर हल्ला झाला की ज्याची सोंगटी त्यानं फासा टाकायचा. एक पडला की ती मेली.

तो सीमेवर गेला तरी डाव पोस्टकार्डांवरून चालू होता. जे पडेल ते खरं कळवायचं, एवढाच कडक नियम.

डिसेंबरात लढाई पेटली आणि त्याची कार्डं थांबली. शेवटच्या चालीत मी नेमका त्याच्या सरदारावर हल्ला केला होता. एका शनिवारी दुपारी शाळेतून आले, तर आई पटापाशी बसलेली.

"त्याचं दान तू टाक. डाव अर्धा ठिवू न्हाई. मला लई भ्या वाटतंय."

"आई, खेळ आहे गं तो!"

"टाक म्हनते ना!"

टाकला. एक पडला.

"काय पडलं?" आईला मोतीबिंदू, तिला ठिपके दिसत नव्हते. मी बोटानं फासा उलटा केला.

"सहा, आई!"

ती देवापुढे साखर ठेवायला उठली. मला माझीच लाज वाटली.

जानेवारीत कार्ड आलं. तारीख त्याच शनिवारची. 'ताई, सकाळी जरा वेळ मिळाला, दान टाकलं. एक पडला. सरदार काढून ठेव.' योगायोग, दुसरं काय, असं स्वतःला दटावलं... पण त्यानंतर पोरगं जिवंत आहे की नाही, ते कसं कळणार?

फेब्रुवारीत तो धडधाकट घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, त्या शनिवारी दुपारी ट्रक त्यानं न्यायचा होता. ऐनवेळी साहेबानं दुसऱ्या कामाला बोलावलं, म्हणून दोस्त गुरनाम बसला. ट्रक सुरुंगावर गेला. गुरनामचं काहीच सापडलं नाही.

आई डोळे पुसत म्हणाली, "ताईनं सहा टाकला व्हता रं, म्हनून वाचलास!"

आई पाण्याला गेल्यावर मी दत्ताला खरं सांगून टाकलं.

"मग तो एक गुरनामला पडला का गं, ताई?"

मी ते पितळी बटण उचलून त्याच्या हातात ठेवलं. दत्ता आता राहिला नाही. त्याला द्यायचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.