सात फॅटचं दूध

बायपासनंतर सहाव्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांच्या छातीला लावलेल्या नळीची बाटली उचलून उजेडात धरली. आदल्या दिवशीपर्यंत तांबूस पाणी येत होतं, त्या सकाळी ते पांढरंशुभ्र होतं. आमचे हे कुंडलला दूध संकलन केंद्रावर वीस वर्षं फॅट मोजणारे. म्हणाले, "डॉक्टर, फॅट किती लागलं बघा की." आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

"याला कायलोथोरॅक्स म्हणतात. फार क्वचित होतं," ते म्हणाले. खाल्लेल्यातली चरबी रक्तात नेणारी एक बारीक वाहिनी छातीतून जाते. तिला इजा झाली की तो पांढरा रस फुप्फुसाभोवती साठतो, दम लागतो आणि अंगातली ताकद त्या वाटेनं निघून जाते. उपाय म्हणजे तूप, तेल, दूध पूर्ण बंद. वाहिनीला विश्रांती मिळाली तर छेद बहुधा आपोआप बुजतो.

सांगलीच्या त्या वॉर्डात पेज आणि बिनफोडणीच्या वरणावर बारा दिवस काढले. सकाळी उठून मी आधी बाटली बघायची, मग ह्यांचं तोंड. पाणी कमी झालं, नितळ झालं. असंच राहिलं तर चार दिवसांत नळी काढू, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच दुपारी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भेटायला आल्या. मी औषधं आणायला खाली गेले होते. दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा पांढरी.

खोदून विचारल्यावर हे म्हणाले, "आईनं दूध आणलं हुतं. एस्टीत मांडीवर धरून. न्हाई कसं म्हणू?"

म्हशीचं दूध सात फॅटचं, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? रागानं मी दिवसभर बोलले नाही. तो दिवस मला परत हवाय.

पाणी मग थांबलंच नाही. वाहिनी बांधायचं दुसरं ऑपरेशन झालं, पण तोवर अंगात काही उरलं नव्हतं. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि नवव्या दिवशी ते गेले. डॉक्टरांनी मला शेजारी बसवून सांगितलं, "एका पेल्यानं माणूस जात नाही, ताई. छेद बुजलाच नव्हता." त्यांचे उपकार आहेत. बहुतेक दिवस मी ते खरं मानते.

तुमच्यावर ही वेळ आली तर पथ्य पेशंटच्या आधी भेटायला येणाऱ्यांना सांगा. आपल्याकडे मोकळ्या हातानं कुणी येत नाही. मी सगळ्या पाहुण्यांना फोन केले होते. आत्यांना तेवढं सांगितलं नाही, त्या घरच्याच म्हणून.

आत्या अजून धार काढून आल्या की म्हणतात, "त्या डॉक्टरनं लेकाला उपाशी ठेवलं. एकदा तरी माझ्या हातचं दूध पिऊन गेला, तेवढंच समाधान हाय बघ."

"व्हय, आत्या," मी म्हणते आणि चरवी त्यांच्या हातून घेते.