खेकड्याची पिल्लं

ओल्या गोणीचा वास आला की अजूनही माझ्या छातीत धस्स होतं. लग्नानंतर गेवराईजवळच्या गोदाकाठच्या सासरी पहिल्यांदाच खेकडे आले, तेव्हा सासूबाईंनी मला ते साफ करायला न्हाणीत बसवलं. शेजारी गोणीत खरखर चालली होती. "आत्या, जिवंतपणीच नांग्या मोडायच्या?" मी विचारलं. "मग? त्याला काय कळतंय? वरडतंय का ते?" त्या म्हणाल्या. मी भीतभीत एकाच्या नांग्या मोडल्या, त्यांनी सांगितलं तशी पोटाखालची झडप नखानं उचलली, आणि आतून मसुराएवढी जिवंत पिल्लं भराभरा माझ्या मनगटावर चढली. मी किंचाळून हात झटकला. पिल्लं फरशीवर पांगली आणि ती मादी, नांग्या नसलेली, उरलेल्या पायांवर त्यांच्याकडं सरकायला लागली. उभ्या जन्मात शेकडो खेकडे निवडलेल्या सासूबाई भिंतीला टेकल्या. "झाक तिला, पोरी. लई भ्या वाटतंय." मी घमेलं पालथं घातलं. आतली खरखर ऐकत आम्ही दोघी अंग चोरून बसून राहिलो. शेवटी सासऱ्यांनी येऊन घमेलं उचललं, तर बरीचशी पिल्लं पुन्हा तिच्या पोटाखाली शिरली होती. सासऱ्यांनी तिला आणि गोणीतल्या बाकीच्यांना नदीत नेऊन सोडलं. मटण-मासे मी आजही खाते. पण घरात जिवंत काही आलं की स्वयंपाकघराचं दार लोटून अंगणात जाऊन बसते.