डाव्या हातातलं पोवळं

माझे वडील अजिंठ्याला लेण्यांच्या पायथ्याशी गारगोट्या विकायचे. डोंगरात हिंडून दगड शोधायचे, फोडायचे, आत स्फटिक चमकला की पर्यटकांपुढं धरायचे. आम्हा भावंडांना त्यांनी एकच नाद लावला. जिथं जाल तिथला एक दगड आणायचा. आज बजाजनगरच्या माझ्या दोन खोल्यांत टीव्हीखालचं अख्खं फडताळ दगडांनी भरलंय. बायको म्हणते, तुमच्या घरात देव कमी आणि दगड जास्त.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं, मी, बायको आणि नववीतली लेक, अंदमानला गेलो. आमचं सगळं आयुष्य टँकरची वाट बघण्यात गेलेलं. एवढं पाणी बघून बायको म्हणाली, "अगं बया, ह्यातलं थोडं आपल्याकडं वळवा की कुणीतरी!" तिथल्या सागरी उद्यानात पाण्याखाली उतरवतात, पोहता येत नसलं तरी. लेकीनं हट्ट धरला. बायकोनं सरळ हात जोडले आणि होडीतच बसली. मी आपला छाती काढून पुढं. कंपनीत तीस माणसांवर सुपरवायझर आहे, म्हटलं आपण काय घाबरतो!

मला उतरवणारी बाई पस्तिशीची असेल, बेटावरचीच. लेकीला दुसरा गाईड होता. उतरायच्या आधी त्या बाईनं हिंदीत दोनदा बजावलं, कशाला हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. दगडासारखं दिसतं ते दगड नाही, जिवंत आहे. मी मान डोलावली. कामगार माझ्यापुढं डोलावतात तशी.

खरं सांगतो, पाण्याखाली माझी पार तंतरली. कानात अशा कळा उठल्या की वाटलं डोकं फुटतंय. तिनं माझा उजवा हात घट्ट धरला, नाक दाबून हवा कशी सोडायची ते पुन्हा दाखवलं, आणि दर हातभर खाली गेलं की थांबून माझ्या कानाकडं बोट करून विचारायची, ठीक? कान मोकळे झाले आणि मग मी बघितलं. निळे, पिवळे मासे थव्यानं अंगावरून जात होते. पोपटासारख्या चोचीचा एक मासा पोवळं कुरतडत होता, त्याचा कुडुम कुडुम आवाज मला ऐकू येत होता. हरणाच्या शिंगांसारखी पोवळ्यांची झुडपं लांबवर पसरलेली. मला रडू आलं, आणि त्या काचेच्या मुखवट्यात रडताही येत नाही.

तेवढ्यात माझा डावा हात पुढं गेला. एका फांदीचं टोक, करंगळीएवढं. कट्कन मोडलं. तिच्या कपाळावर कॅमेरा होता, तोंड दुसरीकडं आहे असं मला वाटलं.

त्या रबरी पोशाखाला खिसा नसतो. होडीत चढल्यावर मुखवटे ठेवायच्या तिच्या जाळीच्या पिशवीत मी ते तळाला सरकवलं. म्हटलं धक्क्यावर उतरताना हळूच काढू.

धक्क्यावर वनखात्याचा माणूस पिशव्या तपासत उभा! त्यानं जाळी उलटी केली आणि ते पोवळं फळीवर पडलं. अजून ओलं, चिकट. "कुणाचं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, माझं नाही. मग तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी चपलेचा पट्टा लावायला खाली वाकलो. दंड होईल, पोलीस होतील, लेकीसमोर शोभा होईल, सगळं डोक्यात गरगरलं. रोज सकाळी लाइनवर ओरडणारा मी, चूक झाली तर हात वर करायचा, लपवायचं नाय! त्यानं तिचं परवान्याचं कार्ड काढून घेतलं. चौकशी होईस्तोवर पाण्यात उतरायचं नाही म्हणाला. आम्ही रिक्षात बसलो. लेक म्हणाली, "पप्पा, त्या मॅडमनी तसं का केलं असंल?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात उतरवणाऱ्यांच्या दुकानातून मोबाइलवर व्हिडिओ आला. अजिंठ्याहून वडील आले होते, लेकीनं तो टीव्हीवर लावला. मासे बघून वडील हरखले. मग पडद्यावर माझा डावा हात आला, फांदी मोडली, आणि कॅमेरा तिथंच थांबला. वडिलांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! उचललास की! दाव की, कुठं ठेवलास?" लेक माझ्याकडं बघत राहिली. मग उठून आत गेली. त्या रात्री ती माझ्या हातून जेवण वाढून घेईना.

आणि मी काय केलं? व्हिडिओ पुसून टाकला. माझा निर्लज्जपणा एवढा, की पुसल्यावर मला जरा बरं वाटलं.

दीड महिन्यानं त्या गाईड बाईचा फोन आला. आवाज शांत होता. ती एका हॉटेलात चादरी बदलायचं काम करत होती. म्हणाली, तेव्हाच बोलले असते, पण वाटलं तुम्ही स्वतःहून बोलाल. कॅमेऱ्याच्या कार्डावर पुढच्या पाहुण्यांचं चित्रण झालं, दुकानातलंही गेलं. आता वनखात्याच्या साहेबांना दाखवायला काही उरलं नाही. "आपके पास तो होगा ना, सर? भेज दीजिए."

मी बाल्कनीत उभा होतो. "मिटा दिया, मॅडम," मी म्हणालो. "मैंने ही मिटाया."

पोवळं मी तोडलं असं लिहून, सही करून, मी नंतर वनखात्याला पाठवलं. पोचल्याची पावती आली, तिच्या कार्डाचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. हे मी आधीच करायला हवं होतं, धक्क्यावर, तो माणूस चार पावलांवर होता तेव्हा.

पण त्या दिवशी फोनवर, पुसलं म्हटल्यावर, मला वाटलं आता ती शिव्या घालेल, आणि खरंच घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं विचारलं, "कान ठीक हैं ना अब आपके?"